काठाची गोळी

मिरजेला आमच्या गल्लीत एका अंगाला सतारी होतात,
दुसऱ्या अंगाला एकटं आमचं दुकान.
तिकडं भोपळे वाळतात, इकडं तेल लावलेल्या नळ्या.
कानस दोन्हीकडं तीच.
अब्बांना दिसायला कमी आल्यापासून रजिस्टर मी लिहिते:
परवाना क्रमांक, हत्याराचा नंबर,
आणलं कुणी, नेलं कुणी.

निवडणूक संपून ठाण्यात जमा केलेली हत्यारं सुटली
त्या आठवड्यात शिराळ्याकडचे सुभेदार काळुगडे आले.
टॉवेलात रिव्हॉल्व्हर, गोळ्यांच्या डबीत गोळ्या,
आणि कुंकवाच्या करंड्यात
पोलादाच्या चार चंद्रकोरी.

‘दस्तगीरभाई, हिच्यात दोन्ही चालतं.
काठाचं बी, बिनकाठाचं बी.
आता नवी काडतुसं घ्यायची, तर कुठली घेऊ?’

अब्बांनी दोन टेबलावर उभी केली.
एकाच्या बुडाला काठ, वाटीला असतो तसा.
घरात सोडलं की काठावर टेकतं,
आपल्या आधारानं राहतं, कुणाचं काही लागत नाही.
दुसरं बुडाशी गुळगुळीत.
त्याला कोर लागते. तिघांना एक कोर, कमरेला धरून.
दोन कोरी बसवल्या की चक्रीची सहा घरं भरली.

‘आणि झाडून झाल्यावर?’ मी विचारलं, ठाऊक असून.
अब्बा खुलले.
‘अर्धचंद्र म्हणतात ते काय उगाच?
दांडी दाबली की रिकाम्या पुंगळ्या तिघी-तिघी
मानगूट धरून दाराबाहेर!
काठवालीला चांदणी काठाखाली बोट घालून उचलते.
दांडी अर्धवट दाबाल
तर एखादी चांदणीच्याच खाली जाऊन बसते.
मग बसा कोरत.’

सुभेदार हसले नाहीत.
त्यांचा हात मांडीवर होता
आणि मांडीसकट हलत होता.

‘मग कोरीच बऱ्या.
एकेक गोळी ह्या हातानं भोकात जात न्हाई.
सुईत दोरा ववल्यागत हुतं.’

‘कोरीत भरणार कोण?
अंगठ्यात जोर पाहिजे, खट्ट वाजेस्तोवर.’

गल्लीपलीकडं कुणीतरी एकच तार पिळत होतं,
वर, अजून वर.

‘ती भरायची,’ सुभेदार म्हणाले.
‘पावटा सोलाय बसल्यागत बसायची सोप्यात.
मी पुसायचो, ती भरायची.
बत्तीस वर्सं.
झाडली म्हणाल तर दोन डाव.
एकदा रानडुकरावर, एकदा चुकून.’

अब्बांनी एकेक कोर उचलून नखानं वाजवली.
आमच्यात कान शेवटपर्यंत जात नाही,
सतारवाल्या चुलत्यांचाही नाही.
पहिली वाजली. दुसरी. तिसरीही.
चौथी नुसती ठक्क.

‘वाकलीय. केसभरच,
पण चक्री घासणार आणि नेमकी तेव्हा अडणार.’
‘सरळ हुईल?’
‘झाली असं वाटतं. होत नाही.’

चहा आला, त्यावर साय धरली.
‘काठाचीच लिवा,’ सुभेदार म्हणाले.
मी लिहिलं: काठाची, नग दहा.

मग त्यांनी आमची पोकळ नमुन्याची एक मागितली
आणि भरून बघितली.
भोकाभोवती ती तीनदा फिरली,
एकदा टेबलाखाली घरंगळली, मी उचलून दिली.
चौथ्यांदा काठावर टेकली.
त्यांनी हात काढून घेतला
आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले,
पडत कशी नाही म्हणून.

जाताना वाजणाऱ्या तीन टेबलावरच ठेवल्या.
वाकलेली करंड्यात घातली,
झाकण दोन्ही हातांनी दाबलं.

मी लिहिलं: चंद्रकोरी, नग तीन, जमा.
‘चार होत्या ना?’ अब्बांनी विचारलं.
म्हटलं, वाजल्या तीनच.